फेअरबँक्सच्या ड्राय केबिन्स आणि व्हाइट माउंटन्समधल्या ओंडक्यांच्या केबिन्स: राहायला येणाऱ्यांसाठी

हिमपिंगळा | फेअरबँक्स, अलास्का

थंडी सुरू झाली की ओळखीच्यांचे आणि त्यांच्या ओळखीच्यांचे निरोप यायला लागतात. "मार्चमध्ये अरोरा, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश, बघायला येतोय. हॉटेल नको, ओंडक्यांच्या केबिनमध्ये राहायचंय. कुठली घेऊ?" प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते. मी इथे विद्यापीठात शिकायला आले आणि इथलीच झाले. राहते तेही केबिनमध्येच, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

आधी एक घोळ मिटवू. 'केबिन' म्हणून लोक तीन वेगळ्या गोष्टींबद्दल विचारत असतात. पहिली पर्यटकांसाठी बांधलेली: बाहेरून ओंडके, आत गरम पाणी आणि गालिचा. तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही, पैसे भरा आणि राहा. दुसरी शहराच्या आसपासच्या जंगलातली ड्राय केबिन. तिथे वीज असते, इंटरनेट असतं, पण नळ नाही, न्हाणीघर नाही आणि संडास बाहेर. तिसरी रानातली. रस्ता संपल्यावर स्कीवर, कुत्र्यांनी ओढायच्या स्लेडने (घसरगाडीने) किंवा स्नोमशीनने (बर्फावर चालणाऱ्या मोटरगाडीने) गाठायची, सरकारी खात्याने राखलेली.

ड्राय केबिन का असते, तर जमिनीमुळे. फेअरबँक्सखाली तुकड्यातुकड्यांनी कायम गोठलेली जमीन आहे, म्हणजे पर्माफ्रॉस्ट. विहीर खणणं आणि सांडपाण्याची टाकी पुरणं महाग पडतं, पाइप गोठतात, आणि काही टेकड्यांवरच्या विहिरींच्या पाण्यात नैसर्गिक आर्सेनिक सापडतं. घराची ऊब खाली झिरपली की बर्फ वितळून जमीन खचते, म्हणून पुष्कळ केबिन्स जमिनीपासून उचलून खांबांवर ठेवतात आणि घर कललं की जॅक लावून पुन्हा समतल करतात. विद्यार्थी राहतात, नोकरदार राहतात, मुलंबाळं असलेली कुटुंबंही राहतात. पाणी भरण्याच्या केंद्रावर जाऊन ५ गॅलनचे, म्हणजे साधारण १९ लिटरचे कॅन भरून आणायचे. आंघोळ विद्यापीठाच्या व्यायामशाळेत किंवा कपडे धुण्याच्या दुकानातल्या शॉवरखाली. मोरीचं पाणी खाली ठेवलेल्या बादलीत पडतं. ती भरत आली की ओतायची. एवढं अंगवळणी पडलं की तांब्याभर पाण्यात किती भांडी निघतात हे हाताला कळायला लागतं.

आता रानातल्या केबिन्स. माझा जीव तिथे जास्त रमतो. फेअरबँक्सच्या उत्तरेला व्हाइट माउंटन्स नावाचं सुमारे १० लाख एकरांचं राखीव क्षेत्र आहे. अमेरिकी संसदेने १९८० साली अलास्कातल्या जमिनींचा जो मोठा कायदा केला त्यातून ते आलं. देखभाल ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटची. आत डझनभर केबिन्स आहेत, बर्फावरच्या वाटांनी एकमेकींना जोडलेल्या. एलियट महामार्गावर विकरशॅम डोमपाशी गाडी लावायची आणि निघायचं. सगळ्यात जवळची ली'ज केबिन तिथून सुमारे ११ किलोमीटरवर. बीव्हर क्रीकवरची बोरियालिस-लेफेव्हर साधारण ३२ किलोमीटरवर. आरक्षण ऑनलाइन होतं, भाडं मामुली, आणि मार्चमधले शनिवार-रविवार पटापट जातात.

आत असतं काय? चार भिंती, फळ्यांचे झोपायचे बाक, टेबल, लाकडाचा स्टोव्ह. बाहेर संडास. अंथरूण-पांघरूण आपलं, अन्न आपलं, पाणी म्हणजे दाराबाहेरचा बर्फ.

माझा एकच आग्रह आहे. अशा केबिनमध्ये जाणार असाल तर किमान दोन रात्री ठेवा. कित्येक दिवस उणे २५ अंशात रिकामी पडलेली केबिन स्टोव्ह पेटवल्याबरोबर गरम होत नाही. हवा तासाभरात तापते, पण ओंडके, जमीन, बाक, कोपऱ्यातली कुऱ्हाड, सगळं आतून गारठलेलं असतं आणि ते ऊब खेचत राहतं. पहिली रात्र घर तापवण्यात जाते. डोक्याशी २५ अंश आणि पायाशी पाणी गोठतंय असं अनुभवायला मिळतं. भिंती स्वतः ऊब परत द्यायला लागतात त्या दुसऱ्या दिवशी, आणि आपण केबिनमध्ये राहतोय असं तेव्हा कुठे वाटतं. एक रात्र राहून सकाळी निघणाऱ्यांच्या वाट्याला फक्त कष्टाचा भाग येतो, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

विचारा काय विचारायचं ते.

सह्यवेडा | पुणे

ताई, फार उपयोगी लिहिलंय. दोन प्रश्न. लाकूड तिथे मिळतं की तोडायचं? आणि उणे २५ ला स्वयंपाकाला आपला नेहमीचा गॅसचा छोटा डबा चालतो का? हिमालयात तो पहाटे रुसतो हे पाहिलंय.

हिमपिंगळा

सह्यवेडा, डबा विसरा. त्यातला ब्युटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबवतो. प्रोपेन उणे ४२ पर्यंत तग धरतो, पण ट्रेकच्या डब्यात बहुतेक मिश्रण असतं आणि त्यातला प्रोपेन आधी संपतो. इथे लोक पंपाने दाब देऊन चालणारा, द्रव इंधनाचा स्टोव्ह आणतात. ते इंधन ओतताना हातमोजे घाला. ते द्रव असतं पण तापमान बाहेरचंच, उघड्या हातावर सांडलं तर कातडी जागच्या जागी गोठते.

लाकडाचं: जिवंत झाड तोडायचं नाही, वाळून मेलेलं चालतं. पण केबिनच्या आसपासची मेलेली झाडं आधीच्या लोकांनी कधीच संपवलेली असतात. म्हणून करवत घेऊन लांब जावं लागतं, किंवा स्लेडवर थोडं लाकूड सोबत न्यावं लागतं. इथे दोन झाडं महत्त्वाची, स्प्रूस आणि बर्च. स्प्रूस चटकन पेटतो, चटकन संपतो. बर्च सावकाश जळतो आणि निखारे पहाटेपर्यंत धरतो. संध्याकाळी स्प्रूस, झोपताना बर्च हा इथला क्रम. बर्चची साल तेलकट असते, ओली असली तरी पेटते. मात्र उभ्या जिवंत झाडाची साल ओरबाडू नका, पडलेल्या झाडाची घ्या.

निघण्यापूर्वी एक काम सक्तीचं समजा. पुढच्या माणसासाठी बारीक ढलप्या, थोडी साल आणि रात्रभर पुरेल एवढं फोडलेलं लाकूड स्टोव्हशेजारी रचून ठेवायचं. तो माणूस अंधारात, बोटं बधिर झालेल्या अवस्थेत पोचू शकतो. कुऱ्हाड धरता येईल असे हात त्याच्याकडे नसतील.

गोदाकाठ | नाशिक

मी बांधकाम क्षेत्रात आहे. सिमेंट नाही, विटा नाहीत, मग ओंडक्यांच्या मधून वारा येत नाही का? आणि लाकूड वाळून आकसतं तेव्हा घराचं काय होतं? फोटोत सगळं छान दिसतं, पण सांधे कसे करतात ते कुणी सांगेल का?

सुतारपक्षी | मिनेसोटा

गोदाकाठ, हा माझा आवडता विषय. मी इथे ओंडक्यांच्या बांधकामाची कार्यशाळा केली आहे, त्यामुळे जरा लांब लिहितो.

झाड शक्यतो सरळ, कमी निमुळतं होणारं पाहिजे. अलास्काच्या अंतर्भागात पांढरा स्प्रूस. वसंतात, रस चढत असताना तोडलं तर साल लांबच लांब पट्ट्यांनी सुटते. हिवाळ्यात तोडलं तर तीच साल तासत बसावं लागतं. काही जण वणव्यात उभ्या मेलेल्या झाडांचे ओंडके घेतात, कारण ते जागेवरच वाळलेले असतात.

सांध्याची खरी गंमत वरच्या ओंडक्यात आहे. खालचा ओंडका जसा आहे तसाच ठेवायचा. त्याच्या पाठीचा प्रत्येक उंचवटा कंपासासारख्या हत्याराने वरच्या ओंडक्यावर उतरवून घ्यायचा आणि वरच्याच्या पोटात लांब खोबणी कोरायची. मग तो खालच्यावर घोंगडी पांघरल्यासारखा बसतो. कोपऱ्यातली खाचही वरच्याच ओंडक्यात, खाली तोंड करून. वर तोंड केलेल्या खाचेत पाणी साचतं आणि कोपरा कुजतो. जुन्या लोकांच्या केबिन्स कुठे कुजल्या हे पाहिलंत तर बहुतेक वेळा तळाचा ओंडका मातीला टेकलेला किंवा खाच उलटी असते. खोबणीत पूर्वी शेवाळ ठासत, आता लोकर किंवा काचतंतू भरतात.

आकसण्याचा तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. ओला ओंडका वाळताना जाडीत आकसतो, लांबीत जवळजवळ नाही. म्हणजे भिंत वर्षानुवर्षं खाली बसत जाते. म्हणून दार-खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम मोकळी फट ठेवतात, ती मऊ भरावाने भरतात आणि वरून फळीने झाकतात. ही फट नसेल तर भिंतीचा सगळा भार चौकटीवर येतो आणि दार अडकतं. आतले उभे खांब असतील तर त्यांच्याखाली स्क्रू-जॅक ठेवून ते हळूहळू उतरवतात.

छप्पर भिंतीच्या बरंच पुढे काढतात, पाऊस ओंडक्यांवर येऊ नये म्हणून. दार बुटकं आणि उंबरा उंच, म्हणजे उघडताना गरम हवा कमी निसटते.

हे सगळं एका माणसाने, हाताच्या हत्यारांनी कसं केलं ते पाहायचं असेल तर रिचर्ड प्रोनेकी यांची केबिन आहे. लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानातल्या ट्विन लेक्सच्या काठी, १९६८ मध्ये बांधलेली. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. हत्यारांचे दांडेसुद्धा तिथेच लाकडातून घडवले, दाराच्या बिजागऱ्या लाकडाच्या केल्या. तीस वर्षांच्या आसपास ते तिथे राहिले, आणि २००३ मध्ये त्यांचं निधन झालं. केबिन आता उद्यान खातं जपतं. विमानाने तळ्यावर उतरून पाहता येते.

गोदाकाठ

सुतारपक्षी, मनापासून आभार. चौकटीवरची फट हा मुद्दा आमच्या कोकणातल्या लाकडी कामातही कुणी सांगितला नव्हता. खाच खाली तोंड करून, हे वहीत लिहून घेतलं.

उत्तरवारा | ट्रोम्सो, नॉर्वे

धागा वाचून राहवलं नाही. नॉर्वेत हे काम सरकारी खात्यापेक्षा लोकांच्या संघटनेने उभं केलंय. इथली ट्रेकिंग संघटना डीएनटी १८६८ पासून आहे आणि तिच्या साडेपाचशेच्या वर झोपड्या देशभर आहेत. सभासदाला एकच किल्ली मिळते, ती बहुतेक बिनमाणसाच्या झोपड्यांना चालते. काही झोपड्यांत कोठी भरलेली असते: डबाबंद मासे, सूप, कडक पाव, ओट्स. आपण काय घेतलं ते लिहायचं आणि पैसे भरायचे. कुणी बघायला नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्या कोठीसमोर बराच वेळ उभा होतो. डोंगरात इतक्या आत अन्नाने भरलेली फडताळं आणि राखणदार कुणी नाही!

निशिगंध | औलू, फिनलंड

उत्तरवारा, आमच्याकडे त्याच्याही पुढची पद्धत आहे. लॅपलंडमध्ये 'ऑटिओतुपा' नावाच्या उघड्या झोपड्या आहेत. कुलूप नाही, भाडं नाही, आरक्षण नाही. त्या वन आणि उद्यान पाहणारं मेत्साहालितुस हे सरकारी खातं राखतं. लेम्मेन्योकी आणि उर्हो केक्कोनेन राष्ट्रीय उद्यानात बऱ्याच आहेत. एक-दोन रात्री राहायचं आणि पुढे जायचं. नियम असा की सगळ्यात शेवटी आलेल्याचा हक्क सगळ्यात मोठा. झोपडी भरली असेल आणि रात्री अकराला कुणी भिजून-गारठून दार ठोठावलं, तर आधीपासून विसावलेल्याने, कोरडं झालेल्याने जागा द्यायची, वेळ पडली तर आपला तंबू लावायला बाहेर जायचं. मी अशा झोपड्यांतून खूप फिरलेय. लोक हा नियम पाळतात, तोंड वाकडं न करता पाळतात. कुलूप असलेल्या, आरक्षणाच्या खोल्याही असतात, पण मला उघड्याच प्रिय आहेत.

तीन-चार दिवस चालायचं असेल तर हेट्टा ते पल्लास ही ५५ किलोमीटरची वाट सुरुवातीला उत्तम. सप्टेंबरमध्ये या. पानं लाल-पिवळी झालेली असतात, डास संपलेले असतात आणि रात्री अंधार परत आल्यामुळे अरोराही दिसतो.

हिमपिंगळा

निशिगंध, हे इथे नाही याची हळहळ वाटते. व्हाइट माउंटन्समध्ये ज्याचं आरक्षण त्याची केबिन. पण वादळात कुणी आलं तर त्याला आत घेतात, यात दुमत नाही.

वैद्यबुवा | अकोला

डॉक्टर म्हणून तीन गोष्टी सांगतो, कृपया कुणी हलक्यात घेऊ नका.

पहिली कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं थकव्यासारखीच वाटतात, म्हणून माणूस झोपतो आणि उठत नाही. बॅटरीवर चालणारा अलार्म सोबत न्या. द्रव इंधनाचा स्टोव्ह आत पेटवलात तर खिडकी किलकिली ठेवा. लाकडाच्या स्टोव्हची झडप रात्री पूर्ण बंद करून निखारे घुसमटवत ठेवणं सगळ्यात वाईट.

दुसरी हिमदंश. गोठलेलं बोट बर्फाने चोळायचं हा गैरसमज अजून ऐकू येतो. अजिबात चोळू नका. ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरून ऊब द्या, आणि तेही पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच. एकदा वितळून पुन्हा गोठलेली पेशी वाचत नाही.

तिसरी तहान. थंडीत तहान लागत नाही, बर्फ वितळवायचा कंटाळा येतो, आणि माणूस कोरडा पडतो. कोरडा पडलेला माणूस लवकर गारठतो.

हिमपिंगळा

डॉक्टर, धन्यवाद. बर्फ वितळवण्याबद्दल एक पुस्ती: पातेल्यात आधी थोडं पाणी घाला, मग बर्फ. नुसता कोरडा बर्फ तापत्या पातेल्यात टाकला तर तळाशी करपल्याचा वास धरतो, आणि त्या पाण्याचा चहा घशाखाली उतरत नाही. पातेलंभर भुसभुशीत बर्फातून निघणारं पाणी अगदी थोडं असतं. तेव्हा पोचल्यापासून झोपेपर्यंत स्टोव्हवर पातेलं चढलेलंच असू द्या.

अजून एक धोका, जो भारतातून येणाऱ्यांनी कधी ऐकलेला नसतो. त्याला इथे ओव्हरफ्लो म्हणतात. ओढा तळापर्यंत गोठत आला की खालचं पाणी कोंडतं, फटीतून वर येतं आणि बर्फाच्या थरावर पसरतं. वरून हिम पडून ते झाकलं जातं, आणि हिमाच्या पांघरुणाखाली ते पातळच राहतं. उणे ३० ला आपण घोट्यापर्यंत पाण्यात! नदीवर हिम राखाडी किंवा खचलेलं दिसलं तर वळसा घाला. कोरड्या मोज्यांची जादा जोडी अंगाजवळ ठेवा. तिथे मोबाइलला रेंज नसते. उपग्रहावरून निरोप पाठवणारं यंत्र न्या, आणि कधी परतणार ते गावात कुणालातरी लिहून देऊन जा.

तटस्थ | बंगळूर

सगळे लाकडाच्या उबेबद्दल प्रेमाने लिहीत आहेत, म्हणून दुसरी बाजू. फेअरबँक्स आणि शेजारचं नॉर्थ पोल हे गाव हिवाळ्यातल्या धुरासाठी कुप्रसिद्ध आहेत. २००९ पासून तो भाग सूक्ष्म धूलिकणांच्या अमेरिकी निकषात नापास म्हणून नोंदलेला आहे, आणि मोठं कारण घरोघरचे लाकडाचे स्टोव्ह. शिवाय 'निर्मनुष्य रान' हा शब्दही मला खटकतो. तिथले मूळ रहिवासी असलेले देने लोक तिथे हजारो वर्षं राहत आले आहेत. ती जमीन रिकामी कधी होती?

हिमपिंगळा

तटस्थ, दोन्ही मुद्दे खरे आहेत आणि दोन्ही या धाग्यात असायलाच हवेत.

धुराचं कारण दरीची ठेवण. हिवाळ्यात वारा पडतो, थंड जड हवा खाली साचते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. टेकडीवर उणे २० असताना खाली शहरात उणे ३५ असू शकतं. त्या झाकणाखाली सगळा धूर कोंडतो. हवा बिघडली की शहरात लाकूड जाळण्यावर निर्बंध येतात आणि ते पाळलेच पाहिजेत, दमेकरी मुलांचा प्रश्न आहे. म्हणून शहराजवळच्या ड्राय केबिनमध्ये मी तेलावरचा हीटर वापरते, लाकूड नाही. रानातल्या केबिनमध्ये लाकूडच, पण वाळलेलं, ओलावा २० टक्क्यांच्या आत. ओलं लाकूड धूर करतं, ऊब देत नाही आणि धुराड्यात डांबरासारखा थर जमवतं, जो पुढे पेट घेतो.

देने लोकांबद्दल: आमचं विद्यापीठ ज्या टेकडीवर आहे तिचं त्यांच्या भाषेतलं नाव त्रोथ येद्धा. त्यांची हिवाळी घरं पूर्वी अर्धी जमिनीत असत, वर बर्चची साल, शेवाळ आणि माती. ओंडक्यांची केबिन ही फरचा व्यापार आणि सोन्याच्या शोधाबरोबर पसरली. फेअरबँक्सजवळ सोनं सापडलं १९०२ साली. पुढे देने कुटुंबांनीही सापळ्यांच्या वाटांवर केबिन्स बांधल्या, आणि त्यातल्या कित्येक आजही त्या-त्या कुटुंबाच्या वापरात आहेत. १९७१ च्या कायद्याने आदिवासी महामंडळांना ४ कोटी ४० लाख एकर जमीन मिळाली, तेव्हा नकाशावर जे मोकळं दिसतं ते पुष्कळदा कुणाचं तरी असतं. वाटेत एखादी जुनी, कुलूप नसलेली केबिन दिसली तर ती 'सापडली' असं समजून आत शिरू नका. आरक्षित केलेल्या केबिनमध्येच जा.

तटस्थ

पटलं. इतकं नीट उत्तर दिल्याबद्दल आभार.

अन्नपूर्णा | ठाणे

मला एकच विचारायचंय, तिथे खाता काय?

हिमपिंगळा

अन्नपूर्णा ताई, छान प्रश्न! थंडीत शरीर सतत जळण मागतं, म्हणून तूप-तेल सढळ हाताने. वरण आणि भाज्या घट्ट शिजवून, पिशव्यांमध्ये सपाट गोठवून नेते. बाहेरच शीतपेटी असल्यामुळे बिघडण्याचा प्रश्न नाही, तुकडा मोडून पातेल्यात टाकायचा. गूळपोळ्या उत्तम, त्या गोठल्या तरी स्टोव्हच्या पत्र्यावर मिनिटभरात पूर्ववत होतात. डाळीचं पीठ आणि कोरडी लसणाची चटणी असली की पिठलं कुठेही होतं. कांदे-बटाटे कच्चे नेऊ नका, गोठून मऊ लगदा होतो. कांदा घरून परतून न्या. आणि मेतकूट-भात! दिवसभर स्की करून आल्यावर तूप घातलेला मेतकूट-भात मिळाला की मला दुसरं काही नको असतं.

मुक्ता_२ | टोरांटो

बाहेरच्या संडासाबद्दल कुणी मोकळेपणाने लिहीत नाही. उणे ३० ला रात्री जायचं कसं? पाळीच्या दिवसांत? आणि बाई एकटी गेली तर?

हिमपिंगळा

मुक्ता, लिहायलाच हवं. संडासाची बैठक इथे निळ्या फोमची करतात, घराच्या भिंतीत घालतात तोच इन्सुलेशनचा फोम. तो अंगाची ऊब खेचून घेत नाही, बसल्याक्षणी कोमट लागतो. लाकडी बैठक असेल तर लोक फोमचा तुकडा घरात स्टोव्हजवळ टांगून ठेवतात आणि जाताना घेऊन जातात. रात्रीसाठी झाकणाची रुंद बाटली किंवा डबा आत ठेवणं यात काहीही संकोचाचं नाही, इथे सगळ्याच करतात. पाळीत कप वापरणाऱ्यांनी कोमट पाण्याची बाटली झोपण्याच्या पिशवीत ठेवावी. पॅड वापरत असाल तर ते संडासात टाकायचे नाहीत, पिशवीत बांधून परत आणायचे.

एकटीने: माणसांची भीती मला इथे रानात वाटलेली नाही. भीती बाळगावी ती घोटा मुरगळण्याची. पहिल्यांदा जाताना सोबत असावीच. अस्वलं हिवाळ्यात गुहेत असतात. मूस, म्हणजे इथलं प्रचंड मोठं हरीण, मात्र खोल हिमात चालायला नको म्हणून आपल्याच दाबलेल्या वाटेवर येऊन उभा राहतो, आणि हटत नाही. त्याला वाट द्या. कान मागे पाडून मानेवरचे केस उभारले तर लगेच झाडामागे व्हा.

रेवाकाठ | इंदूर

ताई, सगळं वाचलं आणि आता थेट विचारते. आई-बाबा दोघंही सत्तरीच्या जवळपास, बाबांचे गुडघे दुखतात. दोघांची अरोराची फार वर्षांची इच्छा आहे. मला त्यांना काचेच्या हॉटेलात न ठेवता हे तुम्ही लिहिलंय तसं काहीतरी दाखवायचंय. शक्य आहे का? नको असेल तर नको सांगा.

हिमपिंगळा

रेवाकाठ, व्हाइट माउंटन्स नको. हे स्पष्ट सांगते. ११ किलोमीटर बर्फात, आणि काही झालं तर मदत यायला तास लागतात.

पण चेना हॉट स्प्रिंग्जकडे जाणारा रस्ता आहे, ९० किलोमीटरचा, शेवटी गरम पाण्याचे झरे. तो चेना नदीच्या राज्य राखीव क्षेत्रातून जातो आणि तिथे राज्याच्या काही केबिन्स अगदी रस्त्याला लागून आहेत, गाडी जवळपर्यंत जाते. ओंडके तेच, स्टोव्ह तोच, आकाश तेच. लाकूड आणि पिण्याचं पाणी गाडीतून न्या. संडासापर्यंतची वाट फावड्याने साफ करून तिच्यावर राख टाका, पाय घसरत नाही. राख स्टोव्हमध्ये मिळतेच, पण पूर्ण विझल्याची खात्री करून. खालच्या बाकावर गार पडतं, वरच्यावर चढणं बाबांना जमणार नाही, म्हणून जाड गादी न्या आणि त्यांना स्टोव्हच्या बाजूला झोपवा.

मार्चचा मध्य ठेवा. डिसेंबरात दिवस पावणेचार तासांचाही नसतो आणि थंडी उणे ४० ला जाते. मार्चमध्ये बारा तास उजेड, आभाळ बऱ्याचदा निरभ्र, आणि थंडी वृद्धांना झेपेल अशी. फेअरबँक्स अरोराच्या पट्ट्याखालीच येतं, त्यामुळे तीन-चार स्वच्छ रात्री मिळाल्या तर दिसण्याची शक्यता चांगली. दोन रात्री केबिन, नंतर एक रात्र झऱ्यापाशी, गुडघ्यांसाठी. गाडी भाड्याने घेताना इंजिन तापवायची वायर बसवलेली आहे ना ते विचारा. वीज नसलेल्या केबिनपाशी फार थंड रात्री गाडी दर काही तासांनी सुरू करावी लागते.

रेवाकाठ

ताई, खूप खूप आभार. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, लाकूड मी फोडणार. गुडघे दुखतात, हात नाहीत. आई विचारतेय कपड्यांचं काय करायचं, इंदुरात असलं काही मिळत नाही.

हिमपिंगळा

काकांसाठी लहान कुऱ्हाड आणि बसून फोडता येईल असा ठोकळा मी देईन, माझ्याकडे आहे. काकूंना सांगा, जड जाकीट आणि बूट इथे भाड्याने मिळतात, विकत घेऊ नका. तिथून फक्त अंगाला लागून घालायचे लोकरीचे कपडे आणि लोकरीचे मोजे आणा. सुती मोजा एकही नको, घामाने ओला झाला की वाळत नाही. बूट एक माप मोठे घ्यायचे, बोटं हलली पाहिजेत. तारखा ठरल्या की इथेच लिहा, आरक्षण उघडतं त्या दिवशी मी आठवण करते.

सह्यवेडा

ताई, मीही येतोय तेव्हाच. व्हाइट माउंटन्स, दोन रात्री. पण आधी स्की शिकायला एक आठवडा ठेवतो.

हिमपिंगळा

ठेवाच. आणि ली'ज केबिनची परतीची वाट बरीच चढाची आहे. स्लेडमधलं ओझं त्या हिशेबाने भरा.